दहावं चित्र

११ जानेवारी

मने,

'चि.' लिहून पुढे काय लिहावं ते सुचेना, म्हणून नुसतं मने. याआधीची दोन पत्रं तू उघडली नाहीस, असं वॉर्डच्या सिस्टर म्हणाल्या. फाडली मात्र नाहीस, गादीखाली ठेवलीस, हेही त्यांनीच सांगितलं. एवढ्यावर समाधान मानणारा मी माणूस नव्हे, पण सध्या मानतोय.

मला भेटायचं नाही म्हणालीस, म्हणून आत येत नाही. दर गुरुवारी दवाखान्याच्या फाटकापर्यंत येतो, खिडकीत पाकीट देतो आणि माघारी वळतो. फाटकावरची पाटी कुणी रंगवली आहे कोण जाणे. 'शांतता राखा' मधला 'ख' असा काही काढलाय की वाचणाऱ्याने ओरडावंच. बेचाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या, त्यामुळे ही खोड आता माझ्याबरोबरच जाईल.

तुझी खारू बरी आहे. जेवते, झोपते, दात घासताना पाणी सांडते. बोलत नाही. तू गेलीस त्या दिवसापासून तिच्या तोंडाला कुलूप लागलंय ते लागलंय. तुझ्यापाशी असताना चिवचिव करून डोकं उठवायची, आता हाक मारली तर मान वर करते आणि परत खाली घालते. कान तपासले, घसा तपासला, सगळं ठीक निघालं. मूग गिळून गप्प बसणं आपल्या घराण्यातच आहे, पण पावणेचार वर्षांच्या पोरीने एवढे गिळावेत हे काही बरं नाही.

तिला आता एका बाईंकडे नेतो. मुलांना बोलायला शिकवतात. त्यांची पद्धत अशी की खाण्याच्या वस्तूंची चित्रं द्यायची, मुलांनी ती रंगवायची, आणि रंगवता रंगवता मोठ्यांनी तो शब्द सहज बोलायचा. "हे काय आहे?" असं विचारायचं नाही. "केळं पिवळं होतंय. केळं सोलूया. केळं मऊ लागतं," असं आपणच म्हणत राहायचं आणि मग थांबायचं. दहा आकडे मनात मोजेपर्यंत थांबायचं. खाण्याचेच शब्द का, असं मी विचारलं. तर म्हणाल्या, "आजोबा, लहान मूल तोंडात जे घालतं त्याचं नाव तोंडातून लवकर येतं."

पहिल्या यादीत दहा वस्तू आहेत. केळं, गाजर, अंडं, लिंबू, मटार, टोमॅटो, दूध, ब्रेड, सफरचंद आणि दहावं एक फळ. बाई छापील कागद देत होत्या. मी म्हटलं, राहू द्या, फळवाल्यांच्या पाट्यांवर मी इतकी फळं काढलीत की बागा लाजतील. चित्रं मीच काढतो.

आता जे सांगायला हवं ते सांगतो. खारूची आत्या येऊन गेली. जावई बोटीवरून सहा महिने सुटत नाहीत, त्यांनी सगळं बहिणीवर सोपवलंय. आत्या वाईट नाही. चहा घेतला, खारूच्या केसांतून हात फिरवला आणि म्हणाली, "अप्पा, तुमचं वय झालं. ही बोलत नाही, शाळेत घेत नाहीत. आमच्याकडे अशा मुलांची शाळा आहे. मी घेऊन जाते." मी हातापाया पडलो नाही, पण जवळजवळ पडलोच. शेवटी म्हणाली, मार्चअखेरपर्यंत थांबते. तोवर एक शब्द जरी बोलली, तरी तुमच्याकडे ठेवते.

दहा नकोत, एकच हवाय. तू तिच्याएवढी असताना दिवसाला पाचशे बोलायचीस.

सोबत केळ्याच्या चित्राची एक प्रत ठेवतोय. उगीच.

अप्पा


२९ जानेवारी

मने,

विचारायचं नाही हे मला जमत नाही. "हे काय आहे गं?" असं तोंडातून निसटतंच, आणि खारू खडू खाली ठेवते. बाई म्हणतात, प्रश्न विचारला की मुलाला परीक्षा वाटते. मी जन्मभर परीक्षाच घेतली सगळ्यांची, हे तू मनात म्हणत असशील. म्हण.

आमचा दिनक्रम सांगतो. सकाळी पुढच्या खोलीत, जिथे मी पाट्या रंगवायचो, त्या पत्रा ठोकलेल्या टेबलावर कागद पसरतो. टर्पेंटाइनचा वास अजून जात नाही, पण तिची काही तक्रार नाही. मी जाड काळ्या रेघेने चित्र काढतो. शेजारी खरी वस्तू ठेवतो, कारण बाईंचं म्हणणं असं की हाताला, नाकाला आणि जिभेला एकाच वेळी कळलं पाहिजे. काल मटार सोलले. तिने एकेक दाणा हिरव्या खडूशी लावून पाहिला आणि दोन्ही हिरवे वेगळे आहेत म्हणून माझ्याकडे रागाने बघितलं. डोळा रंगाऱ्याचा आहे हो तिचा. अंड्याच्या दिवशी फजिती झाली. पांढरं अंडं पांढऱ्या कागदावर काय रंगवणार? तिने खडू घेतलाच नाही, नुसतं हाताची घडी घालून बसली. मी म्हटलं, "झालं की रंगवून." तेव्हा तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. मी तो शब्द समजायला तयार होतो, पण बाई तयार होईनात.

ती रेघेबाहेर एक टिंब जाऊ देत नाही. मी कौतुकाने बाईंना दाखवलं. त्या बराच वेळ कागद बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, या वयाचं मूल इतकं नीट रंगवत नाही. ही घाबरून रंगवते."

रात्रभर ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं, आणि मग तुझं निळं केळं आठवलं. तू सहा वर्षांची होतीस. फळवाल्याची मोठी पाटी वाळत ठेवली होती आणि तू माझा ब्रश घेऊन त्यातलं एक केळं निळं करून टाकलंस. का, तर पिवळी खूप झाली म्हणून. मी तुझ्या थोबाडीत मारली. "केळं निळं नसतं," असं म्हणालो. पाटी परत रंगवली, दुकानदाराला कळलंही नाही. तू त्यानंतर ब्रशला हात लावला नाहीस. मला वाटायचं, तुला आवड नव्हती.

नऊ चित्रं झाली आहेत. दहावं काही जमलं नाही अजून. हात हल्ली थरथरतो, गोल नीट येत नाही. बाईंना सांगितलंय की येईल पुढच्या आठवड्यात.

नऊही चित्रांच्या न रंगवलेल्या प्रती सोबत ठेवल्या आहेत. तिथे वेळ जात नसेल.

अप्पा


१६ फेब्रुवारी

मने,

तुझं पाकीट आलं.

मी ते दारातच उभ्याने फाडलं. आत चिठ्ठी असेल म्हणून दोनदा झटकलं. चिठ्ठी नव्हती. मी पाठवलेलं गाजर होतं. निळं, रेघेबाहेर गेलेलं, पानांना लाल रंग. कागद इतका दाबून घासलाय की मागून उठून दिसतो.

पहिल्यांदा मला रागच आला, खोटं कशाला बोलू. म्हातारा चार पत्रं लिहितो आणि ही त्याला तीस वर्षांपूर्वीची थोबाडीत परत करते, असं वाटलं. मिरच्या झोंबल्या मला. मग मागे वळून पाहिलं तर खारू माझ्या कोपराशी उभी होती. तिने कागद माझ्या हातातून काढून घेतला, त्या निळ्यावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेला रंग बघितला आणि हसली. आवाज करून हसली. तीन महिन्यांत तिच्या गळ्यातून पहिल्यांदा आवाज निघाला.

तो शब्द नाही, हे मला कळतं. पण आवाज आहे. कुलूप आतून गंजलेलं नाही एवढं तरी कळलं.

तिने ओळखलं ते कुणाचं काम आहे. कसं ओळखलं, मला माहीत नाही. माझ्याकडे बघून तिने दाराकडे बोट केलं, मग कागदाकडे, मग परत दाराकडे. मी म्हटलं, "हो, आईने पाठवलंय." मग ती दाराशी जाऊन बसली आणि जेवणापर्यंत उठली नाही.

बाई म्हणाल्या, फार चांगलं चिन्ह आहे, आईला म्हणावं अजून पाठवा. तर मी म्हणतोय. लिंबू जांभळं पाठव, ब्रेड हिरवा पाठव. तुला वाटेल ते कर. मी एक अक्षर बोलणार नाही.

तिने परवा मटार रंगवताना रेघेबाहेर खडू नेला. थोडासाच. लगेच माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

अप्पा


५ मार्च

मने,

टोमॅटो आला, दूध आलं. काळं दूध बघून सिस्टर घाबरल्या म्हणे, डॉक्टरांना दाखवायला निघाल्या होत्या. मी खिडकीतून सांगितलं, "घाबरू नका, माझ्या पोरीला रंग कळतात, तुम्हाला कळत नाहीत." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मलाही आत घेतात की काय असं वाटलं.

आज विनोद एवढाच.

बाईंनी यादी तपासली. "आजोबा, दहावं कुठाय?" मी थरथरणारा हात दाखवला. त्या म्हणाल्या, "गाजराची पानं काढता आली आणि साधा गोल येत नाही?" त्यांनी स्वतःच कागद ओढला, गोल काढला, वर देठाचं टिंब आणि एक पान काढलं. शेजारी पिशवीतून एक खरं फळ काढून ठेवलं आणि म्हणाल्या, "संत्रं. बघ, संत्रं किती गोल."

खारू खुर्चीवरून उतरली आणि टेबलाखाली गेली. गुडघ्यांत डोकं घालून बसली. बाई खाली वाकून काही म्हणायला लागल्या तर दोन्ही हात कानांवर गेले. तासभर बाहेर आली नाही. बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "संत्र्याचं काही घडलंय का घरात?"

मी म्हटलं, "छे, घडायचंय काय. आवडत नसेल."

मने, तुला तर माहीत आहे काय घडलंय. आपल्या तिघांनाच माहीत आहे. मी ते कागदावर कधी लिहिलं नाही, म्हणून आज लिहितो.

नोव्हेंबरात त्या सकाळी मी तुमच्या घरी आलो तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात गॅसचं बटण सुरू होतं, ज्योत नव्हती, खिडक्या बंद होत्या. आणि तू खारूला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली होतीस. तुझा चेहरा इतका शांत होता की मी आधी तुला हात लावायलाच भ्यालो. मग गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या, डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आजच्या आज आणा. तू म्हणालीस, कुठेही येणार नाही. तेव्हा मी तुझ्या चपला पुढे केल्या आणि म्हटलं, "बरं, दवाखाना राहू दे. चल, कोपऱ्यावरून संत्री घेऊन येऊ. हिला संत्री हवीत ना?" खारू म्हणाली, "हवीत, हवीत." तिच्यासाठी तू उठलीस. शेजारणीला मी म्हटलं, हिला पाच मिनिटं सांभाळा. कोपऱ्यावर गाडी उभीच होती.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर तू मागे वळून माझ्याकडे बघितलंस. रडली नाहीस, ओरडली नाहीस. "अप्पा, संत्री?" एवढंच विचारलंस.

मी सही केली आणि संध्याकाळी परत आलो. खारू दारात उभी होती. तिने माझ्या दोन्ही हातांकडे बघितलं. मग माझ्या मागे बघितलं. मी म्हटलं, "आई संत्री आणायला गेलीय. येईल." त्या दिवसानंतर ती बोललेली नाही.

नाकाने कांदे सोलणारा बाप मी. तू लहानपणी एवढीशी थाप मारलीस तर तुला उपाशी ठेवलं. आणि एका सकाळी एकाच शब्दाने दोघींना शेंडी लावली. आणणं बरोबरच होतं. परत तशी वेळ आली तर परत आणेन, हेही लिहून ठेवतो, कारण तू जिवंत आहेस आणि ती जिवंत आहे. पण ओढून न्यायला हवं होतं. पाय धरायला हवे होते. खोटं बोलायला नको होतं.

डिसेंबरात मी डझनभर संत्री आणून तिच्यापुढे ठेवली होती, हे तुला सांगितलं नाही. वाटलं, एवढ्याने भागेल. तिने एकेक उचलून कचऱ्याच्या डब्यात नेऊन टाकलं. शांतपणे, न सांडता.

बाई म्हणाल्या, "काही सांगायचं राहिलं असेल तर मुलाला सरळ सांगावं. मुलांना खरं झेपतं." मी मान डोलावली. घरी आल्यावर खारूला समोर बसवलं. तोंड उघडलं, आणि म्हणालो, "दूध पितेस का?"

अप्पा


२२ मार्च

मने,

नऊ दिवस राहिलेत.

'के' पर्यंत आली होती. केळं सोलताना तिचे ओठ ताणले गेले, दात दिसले, जीभ मागे गेली. मी श्वास धरून दहा मोजले. मग अजून दहा. मग मला राहवलं नाही आणि मी म्हटलं, "बोल ना गं राणी, एकदाच बोल." मिटले ओठ. माझं थोबाड मलाच फोडावंसं वाटलं.

पाकीट आलं नाही गेले दोन आठवडे. मागचं पत्र तू वाचलंस का? वाचलं असशील तर बोलणं बंद करायचा तुला हक्क आहे. नसशील वाचलं तर चित्रं तरी का नाहीत? ती रोज दाराखालच्या फटीत बोट घालून बघते.

डॉक्टर मला फाटकाशी भेटले. म्हणाले, तुझी तब्येत आता घरी सोडण्यासारखी आहे, पण तू म्हणतेस जायला घर नाही. तुझं घर बंद आहे, जावई बोटीवर, म्हणजे राहिलं माझं. "त्या घरात नाही" असं म्हणालीस म्हणे. मी ऐकून घेतलं. मने, माझ्या घरात येऊ नकोस. मी जिन्याखालच्या खोलीत राहीन, तुला माझं तोंड दिसणार नाही. पण नऊ दिवसांत ये. तू दारात उभी राहिलीस तर ती बोलेल, हे मला जसं कळतंय तसं तुलाही कळतंय. मी हात टेकलेत. माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नकोस, असं लिहिणार होतो, पण ते लिहायला मी कोण?

आत्याचा फोन आला होता. तिने खारूसाठी खोली रंगवून घेतलीय. भिंतीवर फळं काढलीत म्हणाली. कुणी काढलीत विचारलं तर म्हणाली, चिकटवायची मिळतात.

अप्पा


३ एप्रिल

मने,

हे पत्र गुरुवारची वाट न बघता आजच आणून देतोय.

खारूला परवा नेलं.

आत्या सकाळी दहाला आली. दारात टॅक्सी उभी केली. एक तारीख होती, म्हणजे तिने एक दिवस जास्तच दिला. मी पिशवी भरून ठेवली होती. कपडे, खडूंचा डबा, तुझं निळं गाजर. खारू टेबलाशी बसून ब्रेड रंगवत होती. तिला काही सांगितलं नव्हतं. महिनाभर सांगायचं ठरवत होतो.

आत्या तिच्याशेजारी बसली, चांगलं अर्धा तास बसली. ब्रेडबद्दल बोलली, तिला गोंजारलं, वाट बघितली. तिलाही मनातून पोरीने बोलावंसं वाटत होतं, हे मी शपथेवर सांगेन. मग तिने माझ्याकडे बघून मान हलवली आणि पिशवी घेऊन खाली गेली. म्हणाली, "चपला घालून आणा तुम्ही तिला."

मी गुडघ्यावर बसलो. चपला पुढे केल्या. तिचा पाय हातात घेतला. आणि मने, बाई म्हणाल्या होत्या तसं सगळं सरळ सांगायची ती शेवटची वेळ होती. मी म्हटलं, "दोन दिवस आत्याकडे जाऊन ये हं. मजा कर. परवा मी येतोच घ्यायला."

तिने माझ्याकडे बघितलं. तू पायऱ्यांवरून बघितलं होतंस तसंच, अगदी तसंच. आणि म्हणाली, "संत्रं."

स्पष्ट म्हणाली. 'त्र' सुद्धा नीट आला. तू या वयात 'सतलं' म्हणायचीस.

पाच महिन्यांत पहिला शब्द, आणि तिला संत्रं नको होतं हे मला कळलं. थाप, शेंडी, लोणकढी, यातला एकही शब्द तिला कुणी शिकवलेला नाही. जो शिकवला तो तिने नेमका वापरला. आपलं माणूस चपला पुढे करतं, गोड बोलतं आणि मग परत येतच नाही, त्याला आपल्या घरात काय म्हणतात ते तिने मला सांगितलं.

आत्याने हे ऐकलं नाही. ती खाली टॅक्सीपाशी होती. मी खिडकीतून नुसती हाक मारायची होती, "बोलली, एक शब्द बोलली." आत्या शब्दाला पक्की आहे, पोरगी माझ्याकडे राहिली असती. तीन महिने मी त्या एका शब्दासाठी देव पाण्यात घालून बसलो होतो आणि तो शब्द माझ्यापुढे उभा होता.

मी मूग गिळले.

का, ते दोन दिवस स्वतःला विचारतोय. एक उत्तर असं, की आत्याने विचारलं असतं, संत्रं का म्हणाली, आणि मला सगळं सांगावं लागलं असतं. हे उत्तर खरं आहे, आणि ते लाजिरवाणं आहे. दुसरं उत्तर असं, की जो माणूस एकाच पोरीला दुसऱ्यांदा तीच थाप मारतो, त्याच्यापाशी तिला ठेवू नये, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं. यातलं कुठलं आधी आलं ते मला सांगता येत नाही. पायात चपला घातल्या, बंद लावला, हात धरून खाली नेलं. तिने हात सोडवून घेतला नाही. टॅक्सीत बसल्यावर समोर बघत राहिली. आत्या म्हणाली, "टाटा कर आजोबांना." तिने केला नाही.

काल बाईंना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी यादीचा कागद मिटून ठेवला. मग म्हणाल्या, "आजोबा, आठवड्याभरात तोंड परत मिटेल ती." मी म्हटलं, माहीत आहे. आत्याला फोन केला, तर तिकडे अजून एक अक्षर नाही. जेवते, झोपते.

आत्यालाही मी सांगणार आहे. पण आधी तुला सांगतोय, कारण तो शब्द तुझाही आहे.

वॉर्डच्या सिस्टरनी आज तुझा एक कागद दिला. गादी बदलताना सापडला म्हणाल्या, द्यावा की नाही याचा विचार करत होत्या. ब्रेड आहे, माझ्या रेघेतला. तू तो रंगवला नाहीस. पण मागच्या बाजूला तू स्वतः एक गोल काढलायस, वर टिंब, एक पान, आणि तो तसाच पांढरा ठेवलायस. दहावं चित्र मी कधी पाठवलंच नव्हतं तुला. म्हणजे तू पत्रं वाचलीस. निदान संत्र्याचं ते एक तरी वाचलंस.

म्हणून हे लिहायचं धाडस करतोय. माझ्यासाठी काही मागत नाही. मी जिन्याखालच्या खोलीत सामान हलवलंय, पुढची खोली झाडून ठेवलीय, टर्पेंटाइनचे डबे सगळे काढून टाकले, खिडक्या उघड्या आहेत. गॅसची शेगडीही काढली, विजेची बसवलीय. हे स्पष्ट लिहितो, राग मानू नकोस. ते घर तुझं आहे, हवं तेव्हा ये, नको असेल तर येऊ नकोस. डॉक्टरांकडे माझी सही असलेला कागद दिलाय, तुला हवं त्या दिवशी तू बाहेर पडू शकतेस.

फक्त एवढं कर. जेव्हा कधी बाहेर पडशील, महिन्याने, वर्षाने, तेव्हा आत्याच्या घरी जाशील. तिचा पत्ता पाकिटाच्या आत लिहिलाय. जाताना कोपऱ्यावरून संत्री घेऊन जा. मी आणलेली ती कचऱ्यात टाकते. ती बरोबर करते, मी कुठे गेलो होतो आणायला? तू गेली होतीस. संत्री आणायला गेलेली बाई संत्री घेऊन परत आली, एवढं तिला एकदा दिसू दे.

तुझा गोल परत पाठवतोय. मी त्यावर रेघ फिरवली नाही. रंग तुझा तू दे. निळा दिलास तरी चालेल.

अप्पा